मी स्वतः खात्री केली

खुर्चीतल्या माणसाने मान वर केली आणि चष्मेवाल्याच्या चिमटीतली काच तशीच चिमटीत राहिली. खरं तर घडलं काहीच नव्हतं. तपासणीची खुर्ची बुटकी, चष्मेवाला उंच. नाकावरची जड फ्रेम नीट बसवायला तो वाकला, "जरा वर बघा" म्हणाला, आणि त्या माणसाने वर बघितलं. दिवसाला वीसेक माणसं असं वर बघतात. पण हा चेहरा, असाच वरून खाली पाहिलेला, कपाळ मोठं, हनुवटी निमुळती, तोंड किंचित उघडं, आणि डाव्या भुवईच्या मधोमध नखाएवढी रिकामी जागा, हा त्याने आधी पाहिला होता. कुठे, ते आठवायला वेळ लागला नाही. फोनवर पाहिला होता, तीन महिन्यांपूर्वी, आणि त्याच्याखाली स्वतःच्या अंगठ्याने पाच शब्द लिहिले होते. आता छातीत धस्स होईल, घसा कोरडा पडेल, निदान हात तरी थरथरेल, म्हणून तो क्षणभर थांबला. काही झालं नाही. हाताने काच खाचेत सरकवली आणि तोंडाने रोजचं वाक्य म्हटलं. "आता सांगा, हे स्पष्ट की हे?"

"दोन्ही सारखंच," तो माणूस म्हणाला.

चष्मेवाल्याचा चष्म्याशी संबंध ताईच्या पहिल्या चष्म्यापासूनचा. ताई नऊ वर्षांची, तो सात. तपकिरी काड्यांचा तो चष्मा आठवड्याच्या आत फुटला होता आणि घरात मोठा गहजब झाला होता. पुढे तो चष्मे करायला शिकला, दुकान टाकलं, त्यालाही आता सव्वीस वर्षं झाली. पण आसपासच्या सहा इमारतींत त्याला कुणी चष्मेवाला म्हणत नसे. तिथे तो खात्रीकाका होता. हे नाव पडलं त्याला सात-आठ वर्षं झाली असतील. कुठल्याशा तेलात विष सापडल्याचा मेसेज परिसराच्या ग्रुपवर आला आणि एकाच दुपारी घराघरांतून डबे रिकामे झाले. सगळे ओतत होते तेव्हा हा गृहस्थ दुकानात बसून मेसेजमधल्या प्रयोगशाळेचा नंबर फिरवत होता. नंबर एका केशकर्तनालयाचा निघाला. मेसेज सहा वर्षं जुना होता आणि फोटोतल्या बाटलीवरची भाषा कुणालाच वाचता येत नव्हती. त्याने ग्रुपवर लिहिलं, "खोटं." एवढंच. मोरीत तेल ओतून बसलेल्या मंडळींना तो एक शब्द फार भारी वाटला. तेव्हापासून काहीही आलं की कुणीतरी खाली लिहायचं, "काका, खरं का हो?" आणि तो बघायचा. फोटो नेटवर आधी कुठे आलाय ते शोधायचं, तारीख काढायची, ज्याचं नाव असेल त्याला फोन लावायचा. त्याचे नियमही ठरलेले होते आणि ते त्याने सगळ्यांकडून घोकून घेतले होते. ज्यात 'सगळ्यांना पाठवा' असेल तो मेसेज खोटा समजायचा. जो वाचून रडू किंवा राग येईल तो दोनदा वाचायचा. ओळखीच्या माणसाकडून भलतंच काही आलं तर त्याचा फोन कुणीतरी हॅक केलाय असं धरून चालायचं, आणि ज्याचं उत्तर फक्त त्यालाच ठाऊक असेल असा प्रश्न त्याला विचारायचा. उत्तर देताना मात्र पाल्हाळ नको. खरं किंवा खोटं, फार तर एक वाक्य. या तुटकपणाचा त्याला छुपा अभिमान होता. खरेदीतही तेच. साधा मिक्सर घ्यायला त्याने अकरा दिवस घेतले. नावाजणारे अभिप्राय सोडून द्यायचे आणि नाराज माणसांचे तेवढे वाचायचे, असा त्याचा खाक्या. बायको म्हणाली होती, "तुमचा मिक्सर वाचून होईपर्यंत मी पाट्यावर वाटून रिकामी होईन."

"ही ओळ वाचा," तो म्हणाला.

माणसाने डोळे बारीक केले. "पहिली तीन अक्षरं दिसतायत. पुढची नाही दिसत. अंदाजाने सांगता येतील, पण दिसत नाहीत."

असं कुणी म्हणत नाही. सव्वीस वर्षांत त्याने पाहिलेली माणसं या खुर्चीत बसली की परीक्षेला बसल्यासारखी होतात. न दिसलेलं अक्षरही दडपून सांगतात, चुकलं की काचेला नावं ठेवतात. हा माणूस न दिसलेलं दिसत नाही म्हणत होता. चष्मेवाल्याला ते कळलं, नोंदही झाली, पण ती नोंद कुठे जाऊन बसली ते कळलं नाही. हल्ली असंच व्हायचं. सकाळी संडासात बसल्या बसल्या अंगठा सरकायचा: एका कारखान्याला आग, चपलांवर सवलत, ढिगाऱ्यातून काढलेलं कुणाचं तरी मूल, गुडघेदुखीवर तेल, पुन्हा आग, कुणाच्या तरी मुलीचं लग्न. सगळं एकाच काचेवरून, एकाच वेगाने. पूर्वी त्या मुलापाशी अंगठा थांबायचा. मग तो थांबायचा ते खरं-खोटं बघायला, मूल आहे म्हणून नाही. हल्ली तोही थांबत नव्हता. अंगठ्याच्या पेरात मात्र मुंग्या येऊ लागल्या होत्या; डॉक्टर म्हणाले, नस दबते, फोन कमी करा. आपल्याला आता काहीच लागत नाही याची त्याला लाज वाटायची, पण तीही अशी लांबून, शेजारच्या घरात कुणी लाजावं तशी.

"कशासाठी हवंय सर्टिफिकेट?" त्याने विचारलं.

"पार्सलच्या गोदामात काम मिळतंय. बारीक लेबलं वाचायची असतात. नजर चांगली आहे असं लिहून मागितलंय."

"लांबचं ठीक आहे. जवळचं जरा कमी झालंय. चाळिशी लागली तुम्हाला. आधी काय करायचात?"

"फिल्टर दुरुस्ती. घरोघरी जाऊन. अकरा वर्षं."

हे त्याला ठाऊक होतं. मेसेजमध्ये लिहिलं होतं ते. 'हा इसम फिल्टरवाला असल्याचे सांगून घरात शिरतो. घराची पाहणी करतो. नंतर परत येऊन खिडकीतून डोकावतो. सावध राहा. सगळ्यांना पाठवा.' वर दारावरच्या कॅमेऱ्यातला फोटो. त्याच्याच नियमाने तपासला असता तर शेवटच्या दोन शब्दांवरच निकाल लागला असता. पण त्याने तो तपासलाच नव्हता. त्या दिवशी पाचच्या सुमारास ताईने ग्रुपवर विचारलं होतं, "उद्या दिवसभर पाणी बंद म्हणे, खरं का रे?" ताई समोरच्याच इमारतीत राहायची. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात फोन लागेना. वीस मिनिटं तो लावत बसला, एकाने दुसऱ्याकडे दिलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, शेवटी एका कारकुनाने जाहीर सूचनेचा नंबरसुद्धा वाचून दाखवला. असं काही पदरात पडलं की त्याला बरं वाटायचं. त्याच तंद्रीत त्याने फोन कानावरून काढला आणि लिहिलं: "खरं. मी स्वतः खात्री केली." कुणाच्या प्रश्नावर बोट दाबून, तो प्रश्न वर चिकटवून खाली उत्तर द्यायची सोय असते. ती त्याला बालिश वाटायची. लोकांना काय कळत नाही, आपण कशाबद्दल बोलतोय ते? त्या वीस मिनिटांत तळमजल्यावरच्या बाईंनी तो फोटो टाकला होता. त्याचं उत्तर त्या फोटोच्या अगदी खाली जाऊन बसलं.

पाच-सात मिनिटांनी त्याने पाहिलं तेव्हा अंगठे आणि जोडलेले हात यांची रांग लागली होती. "काका होते म्हणून कळलं." "तरीच मला त्याची नजर बरोबर वाटली नाही." त्याच्या लक्षात आलं. हे त्याने नंतर स्वतःशी कितीदा तरी उलटसुलट करून पाहिलं, पण लक्षात आलं होतं, अगदी लख्ख आलं होतं. त्याने लिहायला घेतलं, "ते पाण्याबद्दल". तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीने हाक मारली, गिऱ्हाइकाला फ्रेम कानामागे टोचत होती. ती वाकवून देऊन परत आला तोवर चाळीस मेसेज झाले होते. आता लिहायचं म्हणजे सगळ्यांसमोर खात्रीकाकांनी न बघता लिहिलं असं होणार. शिवाय कुणी सांगावं, खरंही असेल. त्याने आपला मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकला. आपला शब्द आपण मागे घेतला, झालं. त्यावर एकाने लिहिलं, "काकांनी काढून टाकला म्हणजे त्यांच्यावर दबाव आलाय." पुढे तो फोटो ज्या ज्या ग्रुपवर गेला तिथे खाली ओळ होती, 'खात्रीकाकांनी खात्री केलेली आहे.' त्याने ती वाचली आणि अंगठा पुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी पाणी खरंच बंद होतं.

"मग सोडलं का फिल्टरचं काम?" त्याने विचारलं. आवाज अगदी रोजचा निघाला, गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलावेत तसा.

माणूस नाकावरची फ्रेम सावरत बोलू लागला. तक्रारीचा सूर नव्हता. मशीनचा बिघाड समजावून सांगावा तसं सांगत होता. "एका घरात सर्व्हिसिंग केलं. आजोबा एकटेच, कानाने कमी. काम झालं, खाली आलो, गाडीची किल्ली काढायला खिशात हात घातला तर खिशात दोन वॉशर. एक जुना, एक नवा. म्हणजे आत बसवलाच नव्हता. आता झाकण पाण्याच्या जोराने उडालं असतं आणि स्वयंपाकघरभर पाणी. आजोबा घसरले असते. धावत वर गेलो. पाच वेळा बेल वाजवली. आत टीव्ही मोठ्याने लागलेला. गॅलरीतल्या खिडकीतून हाका मारल्या. नाहीच. मग बाहेर पाइपांच्या डक्टमधून त्यांच्या लाइनीचा व्हॉल्व्ह बंद करून आलो. कंपनीत लिहून दिलं, उद्या सकाळी जातो म्हणून." तो फ्रेम पुन्हा वर सरकवत म्हणाला, "सकाळपर्यंत मी चोर झालो होतो."

"कंपनी काय म्हणाली?"

"कंपनीचं काही म्हणणं नाही. म्हणाले, थोडे दिवस थांब. लोक फोन करून सांगतात, तो नको, दुसरा पाठवा. तसे तीन महिने गेले. बायको म्हणते, चेहरा बदलता येत नाही तर धंदा बदला. गोदामात चेहरा बघायला कोण येतंय?" तो हसला, आणि हसताना भुवईतली ती जागा रुंदावली. मग जरा पुढे सरकून, आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्हाला एक विचारू का साहेब? इथं कुठल्यातरी इमारतीत खात्रीकाका म्हणून एक गृहस्थ आहेत म्हणे. तुमच्याकडे इतकी माणसं येतात, तुमच्या कानावर आलं असेल."

काउंटरवरची मुलगी बाहेर कुणाला तरी पावती देत होती. खात्रीकाका हे नाव तिला माहीत नव्हतं. चष्मेवाल्याने विचारलं, "त्यांच्याशी काय काम?"

"लोक म्हणतात, त्यांनी खात्री केली. भांडायला नाही जायचं मला. कशाला भांडू? माणूस नेहमी नीट बघूनच सांगतो म्हणतात. म्हणजे त्यांच्याकडे कुणीतरी चुकीचं काहीतरी दिलं असणार. माझ्याकडे सगळे कागद आहेत, वेळेसकट. त्यांनी एकदा ते बघितले ना, की झालं. त्यांनी 'खोटं' म्हटलं तर लोक ऐकतील."

म्हणजे हा माणूस त्याच्यावर रागावलेला नव्हता. त्याच्या भरवशावर होता. सांगायला इतकी सोपी जागा पुन्हा मिळणार नाही, हे चष्मेवाल्याला स्वच्छ दिसत होतं, तक्त्यावरच्या सगळ्यात मोठ्या अक्षरासारखं. त्याने फ्रेम उतरवली, काचा एकेक करून मखमलीच्या खाचांत परत ठेवल्या आणि म्हणाला, "मी विचारून बघतो कुणाला तरी. तुमचा नंबर लिहून ठेवा." फॉर्मवर सही करताना त्याने छापील वाक्य वाचलं, 'वरील माहिती मी स्वतः तपासली आहे.' सही नेहमीसारखीच आली.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत नऊ गिऱ्हाइकं झाली. घरी तो चालतच जायचा. वाटेत सिग्नलपाशी उभ्या असलेल्या सगळ्या माणसांच्या माना खाली होत्या, त्याची वर होती, कारण त्याने ठरवून फोन खिशात ठेवला होता. तेवढ्यानेही हात मोकळा मोकळा लटकत राहिला, कुणाचा तरी दुसऱ्याचा असल्यासारखा. इमारतीच्या गेटवर वॉचमनच्या केबिनला तो फोटो अजून चिकटवलेला होता. ऊन लागून कडा पिवळ्या पडल्या होत्या. रोज दोनदा तो त्यावरून जात होता. खाली पेनने लिहिलं होतं, 'खात्री केलेली आहे', आणि 'खात्री' खाली दोन रेघा. वॉचमनने नेहमीप्रमाणे हात कपाळाला लावला. चष्मेवाल्याला वाटलं, हा कागद आत्ता ओढून काढावा. मग वाटलं, आधी ग्रुपवर लिहू, रीतसर होऊ दे.

जेवायच्या आधी त्याने लिहिलं. आयुष्यात प्रथमच लांबलचक लिहिलं. पाण्याचा प्रश्न, वीस मिनिटं, फोटो, मेसेज काढून टाकला ते, वॉशर, आजोबा, व्हॉल्व्ह, सगळं. 'हा माणूस निर्दोष आहे. चूक माझी आहे. मला फार वाईट वाटतंय.' वाईट वाटतंय हे लिहिताना तो अडखळला, कारण वाटत नव्हतं, वाटायला हवं एवढंच कळत होतं. पण तसं लिहिणं विचित्र दिसलं असतं. आणि शेवटी, दुसरा इलाज नव्हता म्हणून: 'फोटो जिथे जिथे पाठवला असेल तिथे हेही पाठवा. कृपया सगळ्यांना पाठवा.' पाठवून त्याने फोन पालथा ठेवला. बायकोने वाढलं. दुसऱ्या घासाला फोन थरथरू लागला.

"काकांचा फोन हॅक झालाय, कुणीही वरचा मेसेज पुढे पाठवू नका." हा समोरच्या दारातला बँकवाला, त्याचा पट्टशिष्य. "काका एवढं लांब कधीच लिहीत नाहीत." "'सगळ्यांना पाठवा' वाचलं आणि ओळखलं." "रडका मेसेज दोनदा वाचा, काकांनीच शिकवलंय." तळमजल्यावरच्या बाई: "त्या टोळीचंच काम हे. काकांच्या नावाचा गैरफायदा." त्याने लिहिलं, "हॅक झालेला नाही. मीच आहे." त्यावर हसणारी तोंडं आली. बायकोने आपल्या फोनवरून लिहिलं, "त्यांनीच लिहिलंय, माझ्यासमोर बसलेत." एका मिनिटात उत्तर, "वहिनींचाही गेला वाटतं."

"काय माणसं आहेत!" बायको म्हणाली. मग त्याच्याकडे बघत राहिली. "पण तुम्ही खरंच न बघता लिहिलं होतंत?"

"पाण्याबद्दल लिहिलं होतं."

"आणि तीन महिने गप्प बसलात?"

तिने त्याच्या ताटात भाजी वाढली आणि आपलं ताट उचलून ओट्याकडे गेली. तेवढ्यात ताईचा व्हिडिओ कॉल आला. ती दीड महिना झाला लेकाकडे परदेशी होती. पडद्यावर तिचं अर्धं कपाळ आणि मागचा पंखा दिसत होता.

"तोंड दाखव नीट," ती म्हणाली.

"हे काय, दिसतोय की."

"दिसतोयस. पण चेहरासुद्धा खोटा बनवतात, आवाजसुद्धा. तूच सांगितलंस मागच्या वर्षी. थांब, मी विचारते. माझा पहिला चष्मा कसा फुटला?"

तो हसणार होता. तपकिरी काड्या डोळ्यांपुढे आल्या. पलंगावरची चादर, चादरीखाली ठेवलेला चष्मा, आणि तो धपकन बसला तेव्हाचा तो बारीक आवाज. मग आईने विचारलं, कुणी फोडला, आणि सात वर्षांच्या त्याने म्हटलं, धुणंवाल्या बाईंनी. कुणी तपासलं नाही. त्या बाई दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. त्या त्याला येता-जाता केसांतून हात फिरवायच्या, त्यांच्या हातांना साबणाचा वास यायचा. पंचेचाळीस वर्षांत हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत आठवलंही नव्हतं. आज सगळंच खरं सांगायला घेतलंय, तर हेही.

"मी त्यावर बसलो होतो, ताई. मी फोडला."

ताईचं कपाळ स्थिर झालं. "चूक," ती म्हणाली. "धुणंवाल्या बाईने फोडला. माझ्या भावाला हे पक्कं ठाऊक आहे. कोण रे तू? लाज नाही वाटत?" आणि पडदा काळा झाला. थोड्या वेळाने ग्रुपवर तिचा मेसेज आला, "मी स्वतः खात्री केली. तो नाही."

तो उठून दारापाशी गेला. दाराच्या भिंगातून समोरचं बंद दार वाकडं, फुगलेलं दिसत होतं. बँकवाल्याच्या दारापासून त्याच्या दारापर्यंत अकरा पावलं. आत माणसं होती, बोलल्याचे आवाज येत होते, बहुतेक त्याच्याचविषयी. बेल वाजवून 'काका, तुम्हीच का हो?' असं कुणी विचारायला आलं नाही. आणि त्यालाही कडी काढून ती अकरा पावलं जाता आलं नाही. तो भिंगाला डोळा लावून बराच वेळ उभा राहिला. मागे बायको भांडी लावत होती.

सकाळी त्याने दुकान उशिरा उघडायचं ठरवलं आणि फॉर्मवरच्या नंबरला फोन लावला. "फिल्टर बिघडलाय घरचा. येता का?" पलीकडून उत्तर आलं, "साहेब, तुमच्या त्या भागात मी... गेटवर माझा फोटो आहे." चष्मेवाला म्हणाला, "गेटवर मी उभा राहतो." तो राहिला. फिल्टरवाला आला, केबिनवरच्या आपल्या फोटोकडे त्याने बघितलं नाही, रस्त्यात पडलेल्या काचेला वळसा घालावा तसा गेला. वॉचमन खुर्चीतून अर्धा उठला, "काका, हा तर..." चष्मेवाल्याने फिल्टरवाल्याच्या दंडाला धरलं आणि दोघं जिना चढले. प्रत्येक मजल्यावर एखाद्या दाराचं भिंग काळं झालं. तळमजल्यावर आतून कडी लावल्याचा आवाज आला.

स्वयंपाकघरात फिल्टरवाल्याने झाकण उघडलं, नळी काढली, फुंकली, पुन्हा बसवली. बायको दारात उभी होती. "काहीच बिघडलेलं नाही हो," तो म्हणाला. "वॉशर तर नवा आहे."

"मला माहितीय," चष्मेवाला म्हणाला. "खात्रीकाका मीच."

पाण्याचा एक थेंब नळीतून बेसिनमध्ये पडला. फिल्टरवाल्याने पाना खाली ठेवला, हात फडक्याला पुसले, एकेक बोट करून पुसले. चष्मेवाला भडिमाराची वाट बघत होता. तो झाला असता तर बरं झालं असतं. पण फिल्टरवाल्याने पिशवीत हात घातला, प्लास्टिकची पारदर्शक फाइल काढली आणि ओट्यावर त्याच्यापुढे ठेवली.

"मग बघा," तो म्हणाला.

"मला पटलंय. कालच पटलं."

"नाही. तसं नको. बघा."

चष्मेवाल्याने शर्टाच्या खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. कंपनीचं कामाचं कार्ड. तारीख. आजोबांच्या घराचा नंबर. काम सुरू तीन पन्नास, काम संपलं चार दहा. खाली 'शेरा' अशी छापील ओळ आणि पुढे बॉलपेनने, जरा तिरकं: 'वॉशर बसवायचा राहिला. खाली गेल्यावर लक्षात आलं. परत वर गेलो. बेल पाच वेळा. हाका मारल्या. दार उघडलं नाही. बाहेरून व्हॉल्व्ह बंद केला. घरात पाणी जाणार नाही याची मी स्वतः खात्री केली. चार पस्तीस.' त्याने ते एकदा वाचलं. मग नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा वाचलं. पंचवीस मिनिटं या माणसाने दुसऱ्याच्या दारात उभं राहून घालवली होती. चष्मेवाल्याने चष्मा काढला आणि काचा पुसल्या, काचांना काही झालेलं नव्हतं.

"काय?" फिल्टरवाला म्हणाला.

'खरं' हा शब्द तोंडातून निघेना. कितीदा तरी लिहिलेला शब्द, पण या माणसासमोर तो नुसता बोलून टाकायला जीभ वळेना. त्याने कार्ड उचललं, कडी काढली आणि बाहेर आला. अकरा पावलं. समोरच्या दारावर बँकवाल्याने नवा कॅमेरा लावला होता, तीन महिन्यांपूर्वीच, सगळ्यांनीच लावले होते. त्याने बेल दाबली. आत टीव्ही होता, तो बंद झाला. पावलं दारापर्यंत आली, थांबली. भिंग काळं झालं. दार उघडलं नाही.

"मी खाली थांबतो," मागून फिल्टरवाला हळूच म्हणाला. "मला बघून उघडणार नाहीत."

"थांबा इथेच. माझ्याजवळ."

त्याने पुन्हा बेल दाबली. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. मुंग्या आलेल्या पेराला बटण थंड लागलं, कडेला धार होती तीही लागली. त्याने नावाने हाक मारली. आतून कुणीतरी कुजबुजलं, "काकांसारखाच दिसतोय," आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, "उघडू नका." चौकटीच्या वर कॅमेऱ्याचा लाल ठिपका जळत होता. आपण त्यातून कसे दिसत असू हे त्याला नेमकं ठाऊक होतं: कपाळ मोठं, हनुवटी निमुळती, तोंड किंचित उघडं. त्याने कार्ड छातीशी धरलं, मान वर केली आणि पाचव्यांदा बेल दाबली.